धाग्याआधीचं द्रावण

वितळत नाही आणि विरघळतही नाही, अशा पदार्थाचा धागा काढायचा कसा? १९३० च्या सुमारास जर्मनीत लुडविग्सहाफेनला आय. जी. फार्बेन कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांपुढे हा पेच होता. त्यांच्या हाती पॉलिअॅक्रिलोनायट्राइल नावाची पांढरी पूड आली होती. तापवावी तर वितळण्याआधीच ती पिवळी, मग तपकिरी, शेवटी काळी पडायची. नेहमीचे द्रावक घालून पाहिले तर तळाशी जशीच्या तशी. दहा-बारा वर्षं त्या पुडीचा कामाचा धागा काही निघाला नाही. मग १९४१-४२ मध्ये, ऐन महायुद्धात, दोन शत्रुदेशांतल्या दोन माणसांना एकच उत्तर सापडलं. अमेरिकेत ड्यूपॉन्टचे रे हाउट्झ आणि जर्मनीत हर्बर्ट राइन, दोघांनीही ती पूड डायमिथाइल फॉर्मामाइड या द्रवात विरघळवली. या द्रवाला कारखान्यांत डीएमएफ म्हणतात. त्या द्रावणातून अॅक्रिलिकचा धागा निघाला, १९५० मध्ये ड्यूपॉन्टने तो ‘ऑरलॉन’ नावाने बाजारात आणला, त्याचे स्वेटर झाले. आणि त्याच जातीचा धागा पुढे भट्टीत घालून कार्बन तंतू तयार झाला, ज्याच्या जोरावर आज विमानांचे पंख उभे आहेत.

हा डीएमएफ आज सोलापूरच्या परिसरात बनतो. मोहोळ तालुक्यातल्या चिंचोळी काटीची एमआयडीसी पुणे महामार्गाला लागून आहे. तिथे आणि तुळजापूर रस्त्यावरच्या तामलवाडीत बालाजी अमाइन्सचे कारखाने आहेत. ए. प्रताप रेड्डी यांनी १९८८ मध्ये ही कंपनी काढली. तिच्या उत्पादनांत डीएमएफ आहे, आणि एन-मिथाइल पायरोलिडोन, म्हणजे एनएमपी, हा दुसरा द्रावकही आहे. बंदुकीची गोळी अडवणारा पिवळा अॅरामिड तंतू जगात सुरक्षितपणे बनू लागला तो या दुसऱ्या द्रावकामुळे. बळकट तंतूंचे इतिहास लिहिले जातात तेव्हा सगळा मान धाग्याला मिळतो आणि द्रावक तळटिपेत जातो. मला हे पटत नाही. धाग्याचं बळ तो धागा होण्याआधी, द्रावणातच ठरायला लागतं.

सोलापूरला हे सांगायला फार लांबून सुरुवात करावी लागत नाही. १८७७ साली जुनी मिल सुरू झाली तेव्हापासून हे शहर धाग्याच्या ताणाचा हिशेब करत आलं आहे. मागावर ताणा आणि बाणा यांची नशिबं वेगळी. बाणा एकदा आडवा जाऊन बसला की सुटला. ताण्याला मात्र फणीचे घाव आणि सतत ओढ सोसावी लागते. म्हणून ताण्याला सायझिंगमध्ये खळ पाजतात, म्हणजे सुटे तंतू एकमेकांना चिकटून राहतात आणि एखादा तुटला तरी धागा टिकतो. विणून झालं की ती खळ धुऊन टाकतात. तंतू आणि राळ मिळून होणाऱ्या कंपोझिट पदार्थात ती कधीच धुतली जात नाही. खळीच्या जागी इपॉक्सी किंवा पॉलिएस्टरची राळ असते, ती तंतूंच्या भोवती घट्ट होते आणि कायम राहते. ओझं तंतू उचलतात. राळेचं काम ते ओझं एका तंतूकडून शेजारच्या तंतूकडे पोचवायचं. एक तंतू तुटला तर त्याच्या वाट्याचा भार राळेतून आजूबाजूला वाटला जातो आणि थोड्या अंतरावर तोच तुटका तंतू पुन्हा कामाला लागतो.

पिळाच्या बाबतीत मात्र सूतगिरणीचं शहाणपण इथे उलटं होतं. कापसाचा तंतू जेमतेम २५-३० मिलिमीटर लांब, त्याला पीळ दिल्याशिवाय सूतच होत नाही. काच, कार्बन, अॅरामिड यांचे तंतू सलग, किलोमीटरच्या हिशेबाने निघतात. त्यांना पिळाची गरज नाही, उलट पिळाने नुकसान होतं, कारण तंतू ओढीच्या दिशेपासून जरा तिरपा झाला की त्याचा ताठरपणा झपाट्याने उतरतो. सगळी मेहनत सरळपणासाठी.

पातळ तंतू जाड कांबीपेक्षा बळकट का, याचं पहिलं नेमकं उत्तर ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने १९२० मध्ये दिलं. तो फार्नबरोच्या विमान संशोधन केंद्रात काम करत होता. काच तापवून ओढून त्याने निरनिराळ्या जाडीचे तंतू काढले आणि एकेक तोडून पाहिला. एक मिलिमीटर जाडीची काच ज्या ताणाला तुटली, त्याच्या सुमारे वीसपट ताण तीन-साडेतीन मायक्रॉन जाडीच्या तंतूने घेतला. काच तीच, फरक जाडीचा. ग्रिफिथचं म्हणणं असं की पदार्थ मुळात दुबळा नसतो; त्याच्या अंगावरचे डोळ्यांना न दिसणारे तडे त्याला दुबळा करतात. तंतू जितका बारीक, तितकी मोठ्या तड्याला जागाच कमी. आणि हजारो बारीक तंतू राळेत बांधले तर एकाचा तडा दुसऱ्यात शिरत नाही, राळेशी येऊन अडतो. कंपोझिटचं सगळं शास्त्र या प्रयोगावर उभं आहे.

काचेचा तंतू व्यापारी प्रमाणावर अमेरिकेत आला. १९३२ मध्ये ओवेन्स-इलिनॉइस कंपनीत डेल क्लाइस्ट नावाचा तरुण वितळलेल्या काचेवर दाबाची हवा सोडत असताना बारीक तंतूंचा वर्षाव झाला, गेम्स स्लेटरने ती गोष्ट ओळखून पुढे नेली, आणि १९३८ मध्ये ओवेन्स-कॉर्निंग उभी राहिली. मागावर काचेचं कापड विणायचं म्हणून तिथेही स्टार्च आणि तेलाची खळ वापरली गेली, अगदी गिरणीसारखी. पण ही खळ राळेला काचेजवळ येऊ देईना. मग विणलेलं कापड भट्टीत तापवून खळ जाळायची आणि काचेला राळेशी बांधून ठेवणारा वेगळा लेप द्यायचा, अशी रीत पडली. काच स्वस्त, ताणाला उत्तम. आपल्याकडे ठाणे, तळोजा आणि गोव्यात कोलवाळला काचतंतूचे कारखाने झाले. गावोगावच्या फायबरच्या टाक्या, होड्या आणि पवनचक्क्यांची पाती ही त्याचीच रूपं. तिचा कमीपणा ताठरपणात. काचतंतूचा ताठरपणा सुमारे ७२ गिगापास्कल, म्हणजे अॅल्युमिनियमच्या बरोबरीचा आणि पोलादाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. टाकीला तेवढा पुरतो. लढाऊ विमानाच्या पंखाला पुरत नाही.

पंखाला कार्बन हवा होता. अमेरिकेत रॉजर बेकनने १९५८ मध्ये ग्रॅफाइटचे अतिशय बळकट केस प्रयोगशाळेत दाखवले, पण रोज कारखान्यात काढता येईल असा रस्ता सापडला तो १९६१ च्या सुमारास ओसाकाच्या अकिओ शिंदो यांना. त्यांनी तोच न वितळणारा अॅक्रिलिक धागा घेतला. जो गुण जर्मनांना अडचण वाटला होता तोच इथे कामी आला: धागा वितळत नाही, म्हणून भट्टीत त्याचा आकार मोडत नाही, आणि आतली रेणूंची साखळी जागच्या जागी कार्बन होते. फार्नबरोच्या विल्यम वॉट आणि सहकाऱ्यांनी यात एक मोठी भर घातली. पहिल्या मंद भट्टीत धागा आक्रसू पाहतो, तेव्हा तो ताणून धरायचा. ताणून धरला की साखळ्या तंतूच्या लांबीला समांतर राहतात आणि ताठरपणा कित्येक पटींनी वाढतो. १९७१ मध्ये जपानच्या तोरेने ‘टी-३००’ बाजारात आणला. ताठरपणा २३० गिगापास्कल, म्हणजे पोलादापेक्षा जास्त, आणि घनता १.७६, म्हणजे पोलादाच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी.

त्याच वर्षी ४ फेब्रुवारीला रोल्स-रॉइस दिवाळखोरीत निघाली. त्यांच्या आरबी-२११ इंजिनाच्या पंख्याची पाती कार्बन कंपोझिटची करायचं ठरलं होतं; पक्षी आदळल्यावर काय होतं हे पाहण्याच्या चाचणीत ती फुटली आणि टायटॅनियमकडे वळावं लागलं. कंपनी बुडण्यामागे इतरही खर्च होते. तरी कार्बनचा स्वभाव त्या चाचणीने उघडा केला: ओढीला आणि वाकण्याला जबरदस्त, पण अचानक बसलेला आडवा घाव त्याला सोसवत नाही.

घाव सोसणारा तंतू दुसरीकडे तयार होत होता. स्टेफनी क्वोलेक १९४६ मध्ये ड्यूपॉन्टमध्ये लागल्या त्या वैद्यकीय शिक्षणासाठी पैसे साठवावेत म्हणून; राहिल्या त्या कायमच्या. १९६० च्या दशकात पेट्रोलची टंचाई होईल असा अंदाज होता आणि टायर हलके करायला पोलादी तारेऐवजी एखादा तंतू हवा होता. १९६५ च्या सुमारास क्वोलेकबाईंनी सरळ, कडक रेणूंचं एक नवं पॉलिमर विरघळवलं. पॉलिमरचं द्रावण नेहमी पारदर्शक आणि काकवीपेक्षा घट्ट असतं. हे मात्र गढूळ होतं, पातळ होतं, ताकासारखं दिसत होतं. धागा काढायच्या यंत्रावरचे चार्ल्स स्मुलन ते लावायला तयार होईनात. गढूळ म्हणजे आत कण असणार, आणि कण चाळणीच्या केसाएवढ्या भोकांत अडकणार, ही त्यांची रास्त भीती. बाईंनी द्रावण गाळून पाहिलं. गढूळपणा गेला नाही, म्हणजे ते कण नव्हते. अखेर स्मुलन राजी झाले. धागा निघाला, तुटला नाही, आणि चाचणीत त्याचा ताठरपणा इतका आला की क्वोलेकबाईंनी कोणाला सांगण्याआधी पुन्हा पुन्हा मोजून घेतला.

तो गढूळपणा म्हणजेच सगळं रहस्य होतं. नायलॉनचे रेणू द्रावणात गुंत्यासारखे वेटोळे पडलेले असतात. धागा काढल्यावर ते ओढून सरळ करावे लागतात. या पॉलिमरचे रेणू मुळातच कडक. द्रावणात त्यांची दाटी एका मर्यादेपलीकडे गेली की ते आपोआप एकमेकांना समांतर, ओळीने उभे राहतात. प्रकाश त्या ओळींवर विखुरतो म्हणून द्रावण गढूळ दिसतं, आणि ओळीतले रेणू एकमेकांवरून सहज सरकतात म्हणून ते पातळ वाहतं. चाळणीतून बाहेर पडताना त्या ओळी धाग्याच्या दिशेने वळतात, मग धागा जन्मतोच सरळ रेणूंचा. १९७० मध्ये ड्यूपॉन्टच्याच हर्बर्ट ब्लेड्स यांनी पुढची पायरी गाठली: पॉलिमर गरम, तीव्र सल्फ्युरिक आम्लात विरघळवायचं, चाळणीतून बाहेर पडलेला धागा थोड्याशा हवेतून खेचत थंड पाण्यात सोडायचा. त्या बोटभर हवेत धागा ताणला जातो, पाण्यात गोठतो, ताण तसाच आत कोंडला जातो. बळ दुपटीच्या घरात गेलं. या अॅरामिड तंतूला केव्हलार असं नाव पडलं.

केव्हलारची घनता १.४४. बळ साडेतीन गिगापास्कलच्या आसपास. साध्या कात्रीने तो कापायला घ्यावा तर तुटत नाही, पात्यांत दुमडतो, पिंजला जाऊन कापसासारखे केस सोडतो. काचेचा तंतू कट्‌कन तुटतो. कार्बन तुटताना काळी धूळ उडवतो, आणि ती धूळ वीज वाहून नेते म्हणून तो ज्या शेडमध्ये विणतात तिथल्या मोटारी आणि स्विचबोर्ड झाकून ठेवावे लागतात. केव्हलार पिंजत जातो आणि पिंजता पिंजता गोळीचा जोर खाऊन टाकतो. पण दाबाला तो दुबळा. त्याच्या कंपोझिटचं दाब सोसण्याचं बळ ओढ सोसण्याच्या बळाच्या पाचव्या हिश्शाइतकंच, कारण लांबीच्या दिशेने दाबला की ओळीतले रेणू मुडपतात. उन्हाने पिवळेपणा गडद होतो, बळ उतरतं. दमट हवेत थोडं पाणीही पितो.

आता त्या द्रावकाकडे. सल्फ्युरिक आम्ल धागा काढण्यासाठी. त्याआधी पॉलिमर तयार करायलाच एक द्रव लागतो, ज्यात दोन्ही कच्चे माल एकत्र येतील आणि वाढत जाणारी साखळी लवकर तळाशी बसणार नाही. साखळी आखूड राहिली तर धाग्यात बळ येत नाही. ड्यूपॉन्ट त्यासाठी हेक्सामिथाइल फॉस्फोरामाइड, म्हणजे एचएमपीए, वापरत होतं. काम उत्तम करायचं ते. १९७५ मध्ये ड्यूपॉन्टच्याच प्रयोगशाळेतल्या उंदरांनी ते हुंगलं आणि त्यांच्या नाकात कर्करोगाच्या गाठी झाल्या. हवेच्या अब्ज भागांत अवघे ४०० भाग एवढ्या प्रमाणाला. कंपनीच्या माणसांनी हा निष्कर्ष त्याच वर्षी ‘सायन्स’ नियतकालिकात जाहीर केला. नवाकोरा, लाखमोलाचा तंतू हातात असताना आपल्याच द्रावकाविरुद्धचा पुरावा लोकांपुढे ठेवणं, याची नोंद आदराने घ्यायला हवी. कारखान्यातल्या माणसाच्या जिवाचा प्रश्न होता.

हॉलंडमधली अॅक्झो कंपनीही अॅरामिडच्या मागे होती. तिथे लिओ व्होलब्राख्ट आणि सहकाऱ्यांनी उत्तर काढलं: एनएमपी, आणि त्यात कॅल्शियम क्लोराइड. मीठ घातल्याने द्रावकाची विरघळवण्याची ताकद वाढते, साखळी हवी तेवढी लांब होईपर्यंत तरंगत राहते, आणि अभिक्रियेत सुटणारं हायड्रोक्लोरिक आम्ल एनएमपी स्वतः धरून ठेवतो. त्यांचा तंतू ‘ट्वारॉन’. पॉलिमर डेल्फझाइलला, धागा एमेनला.

मग जे झालं ते दोन भावांनी एका घराची वाटणी करावी तसं नव्हे, अडवणूकच. धागा काढण्याची ब्लेड्स यांची युक्ती ड्यूपॉन्टच्या पेटंटमध्ये, सुरक्षित द्रावक अॅक्झोच्या पेटंटमध्ये. दोघांपैकी कोणालाही दुसऱ्याशिवाय नीट पुढे जाता येईना. वर्षानुवर्षं कितीतरी देशांच्या न्यायालयांत दावे चालले. १९८५ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ट्वारॉनच्या आयातीला बंदी घातली. युरोपीय समुदायाने तो विषय गॅट या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या मंचापुढे नेला, कारण अमेरिकी कायद्याचं हे कलम परदेशी मालाला देशी मालापेक्षा कडक वागवत होतं. १९८९ मध्ये निकाल अमेरिकेविरुद्ध गेला. तोवर १९८८ मध्ये दोन्ही कंपन्यांनी आपसांत तडजोड करून टाकली होती. एका धाग्यावरून उठलेल्या भांडणाचा निकाल आजही आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या वर्गांत शिकवला जातो.

याच काळात भारतात पीएसएलव्ही हा उपग्रह नेणारा अग्निबाण आकार घेत होता. त्याचं पहिलं उड्डाण २० सप्टेंबर १९९३ ला झालं आणि यश १५ ऑक्टोबर १९९४ ला आलं. त्या अग्निबाणाच्या रचनेत तंतूंच्या गुणांचा हिशेब वाचता येतो. तळाच्या टप्प्याचं कवच मारेजिंग पोलादाचं. अशी पोलादी कवचं करणाऱ्यांत इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर आहे, आणि ते गाव ज्यांच्या नावाचं ते वालचंद हिराचंद १८८२ मध्ये सोलापुरात जन्मले. तिसऱ्या टप्प्याचं कवच मात्र राळेत भिजवलेला केव्हलार गुंडाळून केलेलं. वर आणि खाली वेगळा माल का? वरच्या टप्प्यातलं वजन जवळजवळ उपग्रहाच्या जागेवरच बसलेलं असतं. तिथे किलो वाचला की मोठा हिस्सा थेट उपग्रहाला मिळतो. तळाच्या टप्प्यात तोच किलो वाचवून फारच थोडं हाती लागतं. आणि जळत्या इंधनाचा वायू कवचाला आतून फुगवतो, म्हणजे कवचातला प्रत्येक तंतू ओढीत असतो. केव्हलारचा दाबाकडचा दुबळेपणा तिथे फारसा आड येत नाही. पुढे जास्त बळाचा कार्बन तंतू आला तेव्हा जगभर अशी कवचं कार्बनची होऊ लागली.

चिंचोळी आणि तामलवाडीच्या रसायनाकडे पाहिलं की हे सगळे द्रव एकाच घरातले निघतात. मिथेनॉल आणि अमोनिया गरम उत्प्रेरकावरून गेले की मोनो, डाय आणि ट्राय असे तीन मिथाइल अमाइन एकत्रच तयार होतात. डायमिथाइल अमाइनपासून डीएमएफ होतो. ते घातक एचएमपीएसुद्धा डायमिथाइल अमाइनपासूनच. मोनोमिथाइल अमाइन आणि गॅमा-ब्युटिरोलॅक्टोन यांच्यापासून एनएमपी. हे तीन अमाइन उंच स्तंभांत उकळून वेगळे करायचे, आणि तिघांनाही गिऱ्हाईक शोधायचं, कारण एक हवा म्हणून दुसरा टाळता येत नाही. म्हणूनच या धंद्याचा पसारा चमत्कारिक दिसतो: डायमिथाइल अमाइनच्या क्षारापासून मधुमेहाचं मेटफॉर्मिन, सडक्या मासळीचा वास असलेल्या ट्रायमिथाइल अमाइनपासून कोंबड्यांच्या खाद्यातलं कोलीन क्लोराइड. कापसाच्या गिरण्या बंद पडत गेलेल्या शहराच्या वेशीवर हा उद्योग उभा राहिला, आणि एनएमपीसारखा पूर्वी परदेशातून आणावा लागणारा द्रावक देशात करणारी कंपनी म्हणून बालाजीचं नाव झालं. मला यात सोलापूरचा धाग्याशी तुटलेला संबंध पुन्हा जुळल्यासारखा वाटतो, जरी इथे मागाचा खडखडाट नाही आणि माल टँकर-ड्रमांतून बाहेर पडतो.

एचएमपीएची जागा घेणारा एनएमपीही निर्दोष ठरलेला नाही. कातडीतून तो सहज शरीरात जातो, आणि गर्भाला अपाय करणारा म्हणून युरोपने त्याची नोंद केली आहे. ९ मे २०२० पासून तिथे कामगाराच्या श्वासातल्या हवेत दर घनमीटरला १४.४ मिलिग्रॅमपेक्षा जास्त एनएमपी चालत नाही. डीएमएफवरही डिसेंबर २०२३ पासून तशी बंधनं आली. आपल्याकडे हे द्रव हाताळणाऱ्या प्रत्येक शेडमध्ये हातमोजे, बंद नळ्या आणि हवा खेचणारे पंखे तितक्याच काटेकोरपणे असावेत, हे मी आग्रहाने म्हणेन. कारण मागणी वाढतेच आहे, आणि आता ती तंतूंपेक्षा विजेच्या गाड्यांकडून. लिथियम बॅटरीचा कॅथोड अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर लेपासारखा पसरतात. तो लेप बांधून ठेवणारं पॉलिमर पाण्यात विरघळत नाही, एनएमपीत विरघळतं. लेप वाळवताना उडालेली वाफ थंड करून एनएमपी परत घेतात आणि पुन्हा वापरतात. अॅनोडचा लेप पाण्यात कालवण्याची सोय झाली आहे. कॅथोडसाठी पाण्याचे किंवा कोरड्या लेपाचे प्रयोग चालू आहेत. बहुतेक कारखान्यांत अजून एनएमपीच लागतो.